आधी लिव्हर, मग चिखल

थार घरी आणली त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिचा छोटा लिव्हर अडकला. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस यायचा होता आणि मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग कोरडं खणखणीत होतं. तिथे खांबांच्या मधून गाडी काढायची तर स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागतं. सगळे गिअर एकदा हाताखालून घालावेत म्हणून मी मोठ्या गिअरशेजारचा तो आखूड लिव्हर टू एचवरून (फक्त मागची दोन चाकं गाडी ओढतात) फोर एचवर (चारही चाकांकडे इंजिनाचा जोर जातो) टाकला आणि सावकाश एक फेरी मारायला निघाले. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड झालं. कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडत अडत सरकू लागली. टायर लादीवर खरवडत होते आणि मध्येच खालून ठक्कन काहीतरी सुटायचं. मी थांबले आणि लिव्हर परत टू एचवर घ्यायला गेले, तर तो जागचा हलेना. दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तरी डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा तसाच पेटलेला.

वॉचमनकाका धावत आले, खाली वाकून बॅटरी मारून पाहिलं. "ताई, तेलबिल तर काही गळत नाही," म्हणाले. तेवढाच धीर. गाडी होती तिथेच ठेवली आणि वर आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या गाडीत गेला होता.

ही गाडी मी हौसेखातर घेतलेली नाही. माझं माहेर मुरबाड तालुक्यात. डांबरी सडकेपासून घरापर्यंत सव्वा किलोमीटरची कच्ची वाट आहे. आधी मुरमाचा चढ, मग ओढ्याचा उतार, आणि ओढा ओलांडला की भातखाचरांच्या कडेने बैलगाडीची जुनी चाकोरी. उन्हाळ्यात तिथून रिक्षासुद्धा जाते. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर सोडला तर काही जात नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये आबांना ताप भरला, धाप लागली. मी रात्री अकराला माझी छोटी गाडी घेऊन सडकेवर पोचले, पण तिथून पुढे जाता आलं नाही. चुलतभावांनी आबांना खाटेवर घालून आणलं. सव्वा किलोमीटरला पाऊण तास लागला. ओढ्याच्या उतारावर पुढच्या भावाचा पाय घसरला आणि खाट एका बाजूला कलली, ते मला बॅटरीच्या उजेडात दिसलं. आबा बरे झाले. ती कललेली खाट मात्र माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. मग वर्षभर पैसे जमवले आणि मे महिन्यात २०२१ ची, डिझेलवरची, हाताने गिअर टाकायची थार घेतली, सेकंडहँड.

घेताना एक गोष्ट माहीत होती म्हणून बरं झालं. २०२३ च्या जानेवारीपासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळू लागली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. आत बसून तो आखूड लिव्हर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं करू नये. लिव्हर आहे हे मी पाहिलं होतं. तो कधी टाकायचा, हे मात्र विचारायचं राहिलं.

सकाळी भांडुपच्या गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. माझी आधीची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायची. काका मूळचे संगमेश्वरकडचे, तरुणपणी कितीतरी वर्षं जीप चालवलेले. मी निम्मं सांगितलं तोवर त्यांनी विचारलं, "कोरड्या लादीवर फोर एच टाकून वळवलीत ना? काही मोडलेलं नाही. आता स्टिअरिंग एकदम सरळ ठेवा, रिव्हर्स टाका आणि चार-पाच मीटर मागे या. मागे येता येता लिव्हर टू एचकडे नुसता हलक्या हाताने धरून ठेवा, ओढू नका."

मी तसंच केलं. तीन मीटरही आले नसेन, लिव्हर लोण्यातून सुरी जावी तसा टू एचमध्ये गेला आणि दिवा विझला. रात्री दोन्ही हातांनी जे झालं नाही ते दोन बोटांनी झालं होतं. तेव्हा मी ठरवलं, की आबांच्या वाटेवर ही गाडी घालण्याआधी हे सगळं मुळापासून शिकून घ्यायचं.

रविवारी गॅरेजमध्ये गेले तर काकांनी गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधी बादलीभर पाणी मागवलं. गॅरेजच्या मागे मोकळा प्लॉट आहे, त्यातला थोडा भाग सिमेंटचा. काकांनी चारही टायरांवर पाणी ओतलं, गाडी टू एचमध्येच ठेवली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी पाव गोल फिरवून उतरले. "आता खाली बघा."

कोरड्या सिमेंटवर चार ओल्या रेघा उमटल्या होत्या. मला वाटत होतं, पुढच्या चाकांच्या मागोमाग मागची चाकं जातात. तसं अजिबात नव्हतं. पुढच्या चाकांच्या रेघा बाहेरून मोठा वळसा घालून गेल्या होत्या आणि मागच्या आतून, आखूड वाटेने. काकांनी चपलेच्या टोकाने दाखवलं, "पुढच्या जोडीला जास्त चालावं लागलं, मागच्या जोडीला कमी. टू एचमध्ये काही बिघडत नाही, कारण पुढची चाकं नुसती सोबत फिरतात. फोर एच टाकलं की चाकांकडे जोर नेणारे दांडे, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट, ट्रान्सफर केसमध्ये, जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना जखडले जातात. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मग हा जादाचा वळसा भरून काढणार कोण?"

चिखलात टायर थोडं घसरतं आणि तो फरक आपोआप भरून निघतो. कोरड्या डांबरावर, सिमेंटवर टायर घसरत नाही. मग तो ताण शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांमध्ये, जॉइंटमध्ये पीळ होऊन साठतो. ओलं कापड पिळून धरावं तसा. लिव्हर अडकतो तो त्या पिळामुळे, कारण दातांवर सगळा ताण असतो. सरळ मागे आलं की पीळ उलगडतो. तसंच जोरात चालवत राहिलं तर पीळ कधीतरी स्वतःची वाट काढतो, आणि ती दुरुस्ती फार महागात जाते. काही गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्येही डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळे फेरे घेऊ देणारा गिअरांचा संच, असतं आणि त्या डांबरावर बारा महिने चारही चाकांनी चालतात. माझी त्यातली नाही. आपली कुठली आहे ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पान घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी वाचावं असं मला कळकळीने वाटतं.

मग काकांनी मला न सुचणारी एक गोष्ट तपासली. खिशातून शिंप्याची टेप काढली आणि पुढच्या टायराचा घेर मोजला, मग मागच्याचा. आधीच्या मालकाने मागचे दोन टायर नवे घातले होते, पुढचे झिजलेले तसेच ठेवले होते. साईज तोच, कंपनी तीच. तरी घेरात तीन सेंटिमीटरचा फरक निघाला. "तीन सेंटिमीटरने काय होतं?" मी विचारलं. काकांनी हिशेबच मांडला. टायराचा घेर सुमारे अडीच मीटर, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक चारशे फेरे घेणार. चारशे गुणिले तीन सेंटिमीटर, म्हणजे बारा मीटर. सरळ रस्त्यावर, स्टिअरिंग जराही न वळवता, दर किलोमीटरला बारा मीटरचा पीळ! मी त्याच आठवड्यात पुढचे दोन टायर बदलले. फोर बाय फोर गाडी घ्यायची आणि टायर जोडीजोडीने जमतील तसे घ्यायचे, हे या गाड्यांना चालत नाही.

जून संपता संपता पाऊस लागला आणि मागच्या प्लॉटचा चिखल झाला. भरावाची माती, त्यात डेब्रिज, विटांचे तुकडे, वरून चिकण. तिथे मी तीन रविवार शिकले. काका शेजारच्या सीटवर बसायचे आणि कमी बोलायचे.

फोर एच टाकायला अवघड काहीच नाही. गाडी सरळ असावी, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असावा, क्लच दाबावा, लिव्हर सरकवावा. सावकाश चालत्या गाडीतही जातो. फक्त मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत असताना कधीही टाकायचा नाही, कारण तेव्हा एक शाफ्ट वेगाने फिरतोय आणि दुसरा उभा आहे. दिवा लागेपर्यंत थांबायचं. लागला नाही तर गाडी दोन-तीन मीटर सरळ पुढे न्यायची, दात जुळले की लागतो. जमिनीवर हात ठेवून काका म्हणाले होते ते वाक्य मी अजून मनात म्हणते: "चिखल दिसला की लिव्हर. चिखलात गेल्यावर नाही."

फोर एल, म्हणजे कमी वेगाचं फोर बाय फोर, वेगळं. त्याला गाडी थांबवायची, मोठा गिअर न्यूट्रलला, क्लच दाबलेला, आणि लिव्हर न्यूट्रलमधून पार करून फोर एलमध्ये. दात जुळले नाहीत तर खरखर होते. मग जबरदस्ती करायची नाही. गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, जेमतेम सरकवायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. फोर एलमध्ये वेग सुमारे अडीच पटीने कमी होतो आणि चाकांवर येणारा जोर तेवढाच वाढतो. पहिल्या गिअरवर गाडी अशी चालते की बाजूने म्हातारं माणूस पुढे निघून जाईल. अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचीही गरज पडत नाही.

त्या लिव्हरचं न्यूट्रल मात्र धोक्याचं आहे, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फोर एच आणि फोर एलच्या मध्ये लिव्हर राहिला तर इंजिनाचा कुठल्याच चाकाशी संबंध राहत नाही. अशा वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली तरी ती धरून राहत नाही. काकांनी मला हे प्लॉटच्या हलक्या उतारावर दाखवलं. गिअर पहिला, इंजिन बंद, लिव्हर मध्ये, आणि त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी शांतपणे मागे जायला लागली. पोटात गोळा आला. तेव्हापासून चढावर लिव्हरला हात लावायच्या आधी माझा डावा हात हँडब्रेकवर जातो.

तिसऱ्या रविवारी शिकले ते सगळ्यात मोलाचं. मी समजत होते की फोर बाय फोर टाकलं म्हणजे चारही चाकं गाडी ओढतात. काकांनी पहार-फावडं घेऊन तिरके दोन खड्डे खणले, पुढच्या डाव्या चाकाखाली एक आणि मागच्या उजव्याखाली एक. गाडी त्यात घातली तशी ती दोन चाकांवर तोलली गेली, बाकीची दोन हवेत. फोर एच लावलेलं. मी अॅक्सिलरेटर दिला. हवेतली दोन चाकं भिरभिरली, जमिनीवरची दोन ढिम्म.

काकांनी मला खाली उतरवून लटकलेलं चाक हाताने फिरवायला लावलं. एका बोटाने फिरत होतं. "याला फिरवायला जोर लागतो का? नाही. डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकाला सारखाच जोर देतं. याला लागतोय तेवढाच पलीकडच्याला मिळणार. म्हणजे जवळजवळ काहीच नाही." त्या एका बोटाने मला जे कळलं ते कुठल्याही आकृतीवरून कळलं नसतं. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट जखडला जातो. डावं-उजवं मोकळंच राहतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की फोर बाय फोर गाडीसुद्धा उभी राहते.

माझ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलला लॉक व्हायची, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र जखडायची, यांत्रिक सोय आहे. दोन चाकांच्या फिरण्यात फरक फार वाढला की ती आपोआप लागते, बटण नाही. पण तिला तो फरक दिसावा लागतो. मी घाबरून दर वेळी पाय काढत होते, म्हणून ती लागतच नव्हती. "सोडू नका. वाढवूही नका. आहे तेवढाच धरा," काका म्हणाले. धरला. चाक भिरभिरलं, एक, दोन, आणि मागून ठक् असा आवाज आला. जमिनीवरचं डावं चाक हललं आणि गाडी खड्ड्यातून उचलल्यासारखी वर आली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून मिनिटभर बसून राहिले.

जुलैच्या मध्यावर एके संध्याकाळी एलबीएस मार्गावर पाणी भरलं. सोसायटीतल्या एका काकूंना कुर्ल्याला जायचं होतं, तातडीचं काही नव्हतं. "तुझी तर फोर बाय फोर आहे," म्हणाल्या. मी नाही म्हटलं आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं म्हणते, पण तो आकडा सपाट तळाच्या, न हलणाऱ्या पाण्याचा. समोरून बेस्टची बस आली की तिची लाट बॉनेटपर्यंत येते. हवा आत घेणाऱ्या तोंडातून पाणी इंजिनात गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग चार चाकं काय कामाची? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गढूळ पाण्याखाली झाकण आहे की नाही हे कुणालाच दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एल्फिन्स्टनजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले, ते मुंबईकर विसरलेले नाहीत. मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात फोर बाय फोरचा लिव्हर कुठलंच संकट टाळत नाही. तसंच थांबण्याचं. ब्रेक दाबल्यावर सगळ्याच गाड्या चारही चाकांवर थांबतात. ओल्या रस्त्यावर फोर एच लावून गाडी लवकर थांबेल असं समजणारे मला बरेच भेटले, त्यात माझा भाऊही होता.

गावच्या वाटेवर पहिल्यांदा गाडी घातली ती त्याच्या पुढच्या शनिवारी, भर दिवसा. मुलुंडहून भिवंडी बायपास, रांजनोली नाका, दुर्गाडी, शहाड, रायते पूल. उल्हास फुगली की हा पूल बंद होतो, म्हणून आधी भावाला फोन करून पाणी कुठवर आहे ते विचारायचं. सडकेवर गाडी थांबवली आणि आधी गमबूट घालून आबांची काठी घेऊन सव्वा किलोमीटर चालून आले. जिथे काठी घोट्याएवढी रुतली तिथे दगड टाकून घेतले. ओढ्याला पाणी नडगीच्या निम्म्यापर्यंत, तळाला दगड. मग टायरांतली हवा ३० वरून २० वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त जागा धरतो. हे करताना मला फार धाकधूक वाटली, पण पुढे जो फरक पडला तो लिव्हरएवढाच मोठा होता.

डांबर संपायच्या आधीच फोर एच. मुरमाचा चढ दुसऱ्या गिअरवर एका दमात. ओढ्याच्या तोंडाशी थांबून हँडब्रेक, मग फोर एल, पहिला गिअर. क्लचवरून पाय पूर्ण काढला आणि ब्रेकवरूनही. उतारावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरगुंडीवरच्या मुलासारखी खाली जाते. इंजिनाने धरून ठेवलेली गाडी मात्र एकेक पाऊल टाकत उतरली. खाट आणताना भावाचा पाय घसरला होता तो दगड डाव्या चाकाखालून गेला. पलीकडे चाकोरीत अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवायचे, कारण चाकाला दगड लागला की स्टिअरिंग फटकन फिरतं आणि अंगठा मोडू शकतो. चाकोरीत गाडी आपोआप सरळ चालते, त्यामुळे चाकं वळलेली आहेत की सरळ हेही कळत नाही. दर थोड्या वेळाने मान बाहेर काढून पुढचं चाक बघायचं. आबा ओटीवर उभे होते. काही बोलले नाहीत. टायरावर हात फिरवून आत गेले.

दुसऱ्या वेळी रुतले. सांगते, कारण चूक स्वच्छ होती. परतताना खाचराच्या कोपऱ्यावर पंधरा-वीस हात चिखल होता. पलीकडे कोरडं दिसत होतं, म्हणून एवढ्यासाठी कशाला लिव्हर, असं वाटलं. टू एचमध्ये घातली. मधोमध गाडी मंदावली, मी अॅक्सिलरेटर वाढवला आणि मागची चाकं खणत खाली गेली. मागचा अॅक्सल मातीच्या वरंब्यावर टेकला. आता फोर एच टाकलं तरी काय होणार? गाडीचं वजन चाकांवर उरलंच नव्हतं, पोटावर आलं होतं. तोच लिव्हर वीस हात आधी टाकला असता तर गाडी थांबलीही नसती.

भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी बंपरच्या पट्टीला लावायला निघाला होता, मी अडवलं. ओढायचं ते फक्त चासीच्या हुकातून. साखळी नको म्हटलं, गाडीतला रुंद पट्टा दिला, त्यावर ओलं गोणपाट टाकलं. तुटला तर तो चाबकासारखा येतो आणि गोणपाट त्याला खाली पाडतं. बघायला जमलेली पोरं पट्ट्याच्या दीडपट लांब उभी केली. आधी फावड्याने अॅक्सलखालची माती काढली, चाकांपुढे दगड आणि पेंढा घातला, मग ट्रॅक्टरने हळू ताण दिला. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली पस्तीस फावड्याची.

भावाने तेव्हा विचारलं होतं, दिवाळीत पोरांना घेऊन अक्सा नाहीतर गोराईच्या वाळूत फिरवशील का. नाही फिरवणार. किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई आहे, दर वर्षी कुणाची तरी गाडी भरतीत सापडल्याची बातमी येते, आणि २०१८ साली वर्सोव्याच्या वाळूतून कासवाची पिल्लं निघाली होती. त्या वाळूवर टायर उमटवायला माझं मन धजत नाही.

आता महिन्यातून एकदा, काही काम नसलं तरी, काकांच्या मागच्या प्लॉटवर दोन-चारशे मीटर फोर एच आणि थोडं फोर एल चालवून आणते. न वापरलेला लिव्हर गंजून बसतो आणि आतलं तेल एकाच जागी राहतं. चिखलातून आल्यावर रेडिएटरच्या जाळीतली माती पाण्याने काढते. तेवढं पुरतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेबाराला फोन आला. आबांना पुन्हा धाप लागली होती. रायते पूल सुरू होता. दोन वाजता सडकेवर पोचले. पाऊस इतका की वायपरला जोर पुरेना. हवा कमी करायला उतरले, चारही टायरांना मिळून सात मिनिटं लागली. ती सात मिनिटं जीव खात होती, पण ती मी वाचवली नाहीत. फोर एच, दिवा लागला, आत घातली. ओढ्यापाशी भाऊ बॅटरी घेऊन पाण्यात उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्याच्या खाली होतं. त्याने हात हलवला. फोर एल, पहिला गिअर, पाय दोन्ही मोकळे.

आबांना पुढच्या सीटवर बसवलं, वहिनी मागून त्यांची मान धरून. परत निघताना ओढ्याचा चढ फोर एलमध्ये दुसऱ्यावर चढले. मध्ये एकदा मागचं चाक फिरू लागलं, पाय होता तसाच धरला, मागून तो ठक् आवाज आला आणि गाडी वर सरकली. आबांचा हात माझ्या सीटच्या कडेला घट्ट होता. वर आल्यावर थांबले, हँडब्रेक, परत फोर एच. मग मुरमाचा तुकडा, मग हेडलाइटमध्ये डांबराची काळी कड.

डांबरावर चढले आणि गाडी थांबवली. वहिनी म्हणाली, "थांबलीस का गं?" स्टिअरिंग सरळ केलं, दोन मीटर मागे आले, लिव्हर टू एचमध्ये गेला. दिवा विझला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा, डांबर लागलं," म्हटलं, आणि टायरांत हवा भरायचा कंप्रेसर काढायला उतरले.